अडयांचा कौल

राजोबा तलावावरच्या अडया संध्याकाळी उडेनाशा झाल्या, हे गावात सगळ्यांत आधी नीलकंठ लांजेवारांना कळलं. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. उजेड आणि सावली एवढाच फरक त्यांना कळायचा. पण रोज दिवस मावळताना ते सुनेचा हात धरून तलावाच्या पाळीवर यायचे, सिमेंटच्या बाकावर बसायचे आणि ऐकायचे.

"प्रणिता, आज काहून उडून नाही राहिल्या?"

प्रणिताने दुर्बीण डोळ्यांना लावली. कमळाच्या पानांमध्ये ती तपकिरी, शीळ घालणारी छोटी बदकं दाटीवाटीने बसली होती. एरवी या वेळेला थवा उठायचा, तलावावर एक गोल चक्कर मारायचा आणि रात्रभर चरायला उन्हाळी धानाच्या बांध्यांकडे, भाताच्या खाचरांकडे निघून जायचा.

"बसूनच आहेत मामाजी. उकाडा किती आहे पाहा ना. आळसावल्या असतील."

"कालही बसूनच होत्या," मामाजी म्हणाले आणि त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

त्या यंत्राचं नाव कानोसा. पिंपळटोल्यासारख्या तालुक्याच्या गावात ते आलं ते डॉ. शर्वरी डोंगरवार यांच्यामुळे. पक्ष्यांच्या आवाजावर संशोधन करणाऱ्या या बाईंनी तलावाभोवती सहा खांब रोवले आणि प्रत्येक खांबावर एक मायक्रोफोन बसवला. पाखराने शीळ घातली की ती जवळच्या खांबाला आधी आणि लांबच्या खांबाला नंतर ऐकू येते. हा फरक सेकंदाच्या बारीकशा तुकड्याएवढाच असतो, पण तेवढ्यावरून यंत्र आवाजाची जागा हातभराच्या अंतरापर्यंत ओळखतं. शिवाय माणसांसारखाच प्रत्येक अडईचाही आवाज थोडा वेगळा असतो. दोन वर्षं ऐकत राहिल्यावर कानोसा थव्यातल्या एकेका पाखराला ओळखू लागला. मामाजींच्या कानात एक हळू आवाज सांगायचा, 'पूर्वेला, कमळांच्या कडेला, शेवंती.' डोळे गेल्यावर कोमेजलेला म्हातारा त्या आवाजाने पुन्हा हसू-बोलू लागला होता.

शेवंती हे नाव त्यांनीच ठेवलेलं. कुणीतरी मासे धरून टाकून दिलेल्या गळाच्या तंगुसाच्या दोऱ्यात या अडईचा पाय अडकला होता. प्रणिताची रक्त-लघवी तपासायची लॅब तलावासमोरच होती. लॅबमधली कात्री आणून तिने एकेक वेढा कापला होता. एक बोट गेलं, पाय वाचला. पाण्यात सोडल्याबरोबर लांबून एक नर शीळ घालत आला आणि तिच्याभोवती फिरत राहिला. त्याचं नाव पडलं बंडू. तेव्हापासून कानोशाने या दोघांची नावं कधी वेगवेगळ्या जागी घेतली नव्हती.

त्या संध्याकाळी मात्र मामाजी म्हणाले, "बंडू एकटाच बोलून राहिला. शेवंतीचा आवाज नाही."

शेवंती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. अंताराम मारबते डोंगा घेऊन शिंगाड्याच्या वेली पाहायला गेला होता. पाण्यावर पंख पसरून पडलेली अडई त्याने उचलली, तर तिची मान दोरीसारखी लोंबली. जिवंत होती, डोळे उघडे होते, पण मान धरता येत नव्हती. तिच्या आजूबाजूला मेलेली पाखरं तरंगत होती. पाच-सहा अडया होत्या, एक जांभळी पाणकोंबडी होती, दोन टिबुकल्या होत्या.

डॉ. डोंगरवार दुपारी नागपूरहून पोचल्या. त्यांनी पाखरं पाहिली, घाटाजवळचं पाणी हुंगलं आणि लॅबच्या पायरीवर बसून राहिल्या.

"चिखलात एक जिवाणू असतो," त्या म्हणाल्या. "एरवी गपचूप पडून राहतो. पाणी आटलं, तापलं, त्यातला प्राणवायू संपला आणि कुजायला काही मिळालं की तो वाढतो आणि विष तयार करतो. त्या विषाने पाखराचे स्नायू ढिले पडतात. पाय जातात, पंख जातात, मग मान. मान पाण्यात पडली की पाखरू बुडून मरतं. मेलेल्या पाखरात अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, त्या अळ्या दुसरं पाखरू खातं. एका मेलेल्या पाखरामागे आणखी दहा जातात."

"कुजायला काय मिळालं पण?" प्रणिताने विचारलं.

डॉक्टरांनी घाटाकडे पाहिलं. पायऱ्यांवर पावाचे तुकडे, मुरमुरे आणि शेव यांचा लगदा साचून आंबला होता. तलावावर अडया आहेत, त्यांना नावं आहेत, हे मोबाइलवर सगळ्या गावाला कळलं होतं. लोक लेकराबाळांना घेऊन यायचे, 'शेवंतीला दे, बंडूला दे' म्हणत पिशव्या रिकाम्या करायचे. त्यातच नाल्याचं पाणी आणि यंदाचा उन्हाळा.

"लोकांनी जीव लावला हो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "राग तरी कुणावर धरायचा?"

नगरपरिषदेने कालव्याचं पाणी सोडायचं कबूल केलं. अंताराम आणि त्याचे भाऊबंद मेलेली पाखरं गोळा करून पुरू लागले. पण चिखल स्वच्छ व्हायला पाऊस येऊन जावा लागणार होता. तोपर्यंत थव्याने हे पाणी सोडलं तरच तो वाचणार होता. जंगलाच्या कडेला हिरडीचा तलाव होता, खोल आणि थंड. अडया तिथे गेल्या की प्रश्न मिटणार होता.

लोकांनी फटाके लावले. थवा उठला, चकरा मारून दमला आणि पुन्हा त्याच कमळांत उतरला. दुसऱ्यांदा लावले, तर दोन अशक्त पाखरं उडता उडता पडली. डॉक्टरांनी हात जोडून फटाके बंद करवले.

त्या संध्याकाळी त्यांनी लॅबमध्ये कानोशाची नोंद पडद्यावर लावली. प्रणिता मागच्या खोलीत शेवंतीला नळीने पाणी पाजत होती. फळांच्या क्रेटमध्ये टॉवेलची चुंबळ करून तिने पाखराची मान वर राहील अशी सोय केली होती आणि कूलर तिकडे वळवला होता. यावर औषध एवढंच, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. चांगलं पाणी, सावली, आणि मान वर.

"अडया मनात आलं म्हणून उडत नाहीत," डॉक्टर सांगू लागल्या. "उडायच्या आधी एकेक पाखरू बारीक शीळ घालतं. ती शीळ म्हणजे 'चला'. एकीने घातली, दुसरीने घातली, अशा वाढत गेल्या आणि पुरेशा झाल्या की सगळा थवा एकदम उठतो. पुरेशा झाल्या नाहीत तर सगळं पुन्हा शांत होतं. मी त्याला कौल म्हणते. थव्यात राजा नसतो, कौल असतो."

"मग आता कौल काहून नाही मिळून राहिला?" मामाजींनी विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावरचा एक ठिपका मोठा केला. मामाजींना तो दिसणार नव्हता, म्हणून त्यांनी नुसता आवाज ऐकवला. एक लांब, ओढलेली शीळ होती. पुन्हा तीच. पुन्हा तीच.

"बंडू," मामाजी लगेच म्हणाले.

"तो शेवंतीला हाका मारतोय. ही 'थांब' ची हाक आहे. त्याच्या जवळची पाखरं 'चला' म्हणायला सुरुवात करतात, त्याची हाक ऐकून गप्प होतात. रोज संध्याकाळी हेच चाललंय. तो जागचा हलत नाही, म्हणून थवा हलत नाही."

डॉक्टरांनी नोंद थांबवली.

"एक उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कानोसा बोलूही शकतो. शेवंतीची 'चला' ची शीळ आपल्याकडे साठवलेली आहे. ती छोट्या ड्रोनवरून वाजवायची. बंडू उठेल, थवा उठेल. ड्रोन हिरडीकडे नेऊ, तिथे उतरवू."

"म्हणजे खोटं सांगायचं त्याले," मामाजी म्हणाले.

"हो."

यंत्राला बोलू द्यायचं तर दोन अंगठे लागत. एक डॉक्टरांचा, दुसरा तलाव समितीच्या अध्यक्षाचा. ही अट डॉक्टरांनी स्वतःच घातली होती. बाहेरच्या देशांत काही विमानतळांवर थवे हाकलायला असे खोटे कौल सर्रास दिले गेले. थोड्याच वर्षांत तिथल्या पाखरांनी एकमेकांच्या हाकेवर भरवसा ठेवणंच सोडलं. थवे मोडले, एकेकटी पाखरं ससाण्यांच्या तोंडी गेली. समितीचे अध्यक्ष होते नीलकंठ लांजेवार.

"मी नाही देत अंगठा," ते म्हणाले आणि भिंत चाचपत बाहेर गेले.

प्रणिताचा फोन वाजला. नवरा होता, प्रफुल्ल. दोन वर्षांपूर्वी त्याची पुण्याला बदली झाली होती. दोघांची मुलगी तिथेच शिकत होती. घरात आता सासरा आणि सून एवढेच.

"बोललीस का बाबांशी?"

"इथे पाखरं मरून राहिली आहेत, प्रफुल्ल."

"मला कळतं गं. पण फ्लॅट घेऊन ठेवलाय. बाबांना खरं सांगितलं तर ते तलाव सोडणार नाहीत. तू एवढंच म्हण, डोळ्यांवर नवा उपचार निघालाय, दोन महिन्यांसाठी जायचंय. एकदा आले की रमतील."

असा कुठलाही उपचार नव्हता. रोज लोकांचे रिपोर्ट हातात ठेवणाऱ्या प्रणिताला ते नीट माहीत होतं. महिनाभर ती हे वाक्य जिभेवर घेऊन फिरत होती. तिला पुण्याला जायचं होतं, अगदी मनापासून. मुलीच्या हातचा चहा प्यायचा होता. नवऱ्याशी फोनशिवाय भांडायचं होतं. आणि मामाजींना सोडून जाणं तिला जमणार नव्हतं. आई लहानपणीच गेलेल्या प्रणिताला, 'पोरी, जेवलीस का' असं रोज विचारणारं दुसरं माणूस आयुष्यात आलंच नव्हतं.

सकाळी अंतारामने डोंगा काठाला लावला तेव्हा तळाशी वीसच्या वर पाखरं होती. मामाजी पाळीवरून खाली उतरले. वाकून त्यांनी एक पाखरू हातात घेतलं. मान त्यांच्या मनगटावरून खाली घसरली. त्यांनी ती पुन्हा वर ठेवली, ती पुन्हा घसरली.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. मेलेलं पाखरू शीळ घालत नाही, त्यामुळे कानोशालाही ते ओळखता येत नव्हतं.

प्रणिता त्यांना बाकावर घेऊन आली. त्यांचे हात ओल्या फडक्याने पुसता पुसता ती एकाएकी बोलून गेली.

"मामाजी, मला तुम्हाला एक खोटं सांगायचं होतं. पुण्यात डोळ्यांवर उपचार आहे, दोन महिन्यांसाठी चला, असं. तसं काहीच नाही. तुम्हाला कायमचं न्यायचं होतं. महिना झाला, तोंडातून निघत नव्हतं."

पलीकडे कमळांत बंडूची हाक चालूच होती.

"प्रफुल्लले वाटलं, म्हातारा ऐकणार नाही."

"हो."

"आणि तुले?"

"मलाही वाटलं."

"अगं, विचारून तर पाहायचं होतं एकदा!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "नाही म्हटलं असतं मी. चार दिवस रुसलो असतो. जेवलो नसतो. पण मग पाचव्या दिवशी तूच काहीतरी करून घातलं असतं. माणूस विचारल्यावर बदलतो, पोरी. खोटं सांगून नेलं असतं ना, तर मी तिथे रोज परतीचा दिवस मोजत बसलो असतो."

प्रणिताला रडू आलं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला. तो त्यांनी तिथेच राहू दिला.

"बंडूले विचारता येत नाही," ते थोड्या वेळाने म्हणाले. "त्याले इथलं पाणी वाईट आहे, हे कोणत्या भाषेत सांगायचं? ती शीळ त्या डॉक्टरणीलाही येत नाही. बोलाव तिला. देतो अंगठा. पण माझी एक अट आहे."

डॉक्टर धावतच आल्या.

"त्याले सांगायचं की शेवंती हिरडीला गेली. बरोबर? मग ते आपण खरं करायचं. शेवंती हिरडीला गेली पाहिजे. जिवंत."

"मामा, तिची खात्री मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"खात्री नको. शब्द द्या."

डॉक्टरांनी प्रणिताकडे पाहिलं. प्रणिताने मान हलवली. "कबूल," दोघी म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी पाळीवर सगळं गाव जमलं, पण कुणी आवाज केला नाही. पोरांनासुद्धा आयांनी पदराशी गच्च धरून ठेवलं होतं. ड्रोन पाण्यावर येऊन थांबला आणि त्यातून शेवंतीची शीळ आली. बारीक, तुटक. चला. चला.

बंडूची हाक थांबली.

पुन्हा शीळ आली. बंडू पाण्यात गोल फिरला, मान उंच केली आणि 'थांब' सोडून त्याने पहिल्यांदा 'चला' म्हटलं. मग शेजारच्या अडईने म्हटलं. मग पलीकडच्या. मामाजी एकेक शीळ मोजत बोटं मिटत होते, मग मिटायला बोटं उरली नाहीत. सगळ्या तलावावर शिळांचा नुसता गलबला झाला आणि एकदम शेकडो पंखांचा सरसराट उठला. मामाजींच्या चेहऱ्यावरून वारा गेला. थवा एक चक्कर फिरला आणि ड्रोनमागे जंगलाच्या दिशेला वळला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रिकामा तलाव पाहवत नव्हता. अंतारामची बायको डोळ्यांना पदर लावून घरी गेली.

हिरडीहून डॉक्टरांचा फोन आला तेव्हा अंधार पडत होता. सगळ्या उतरल्या होत्या. त्यांनी ड्रोन खाली घेतला होता, कौल बंद केला होता आणि तो त्या पुन्हा वापरणार नव्हत्या.

"आणि बंडू?" मामाजींनी विचारलं.

"ड्रोन जिथे उतरला, तिथेच काठावर बसलाय."

दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता, तिसऱ्याही. थवा संध्याकाळी चरायला जायचा, हा मागे राहायचा. थोडं खायचा, पुन्हा त्याच जागी येऊन हाका मारायचा. काठाच्या मोकळ्या बाजूने कोल्हे यायचे, म्हणून अंताराम दोन रात्री त्या काठावर राखणीला जाऊन झोपला.

इकडे प्रणिताने लॅबला रोज अर्धा दिवस सुट्टी लावली. शेवंतीला दर थोड्या वेळाने पाणी, मग मऊ शिजवलेल्या कण्या आणि शेवाळ. मामाजी क्रेटजवळ खुर्ची टाकून बसायचे. शेवंतीच्या मानेखाली एक बोट धरून ते तिला गावातल्या बातम्या सांगायचे, कालव्याचं पाणी कुठवर आलं, घाटावर पाव टाकायला कशी बंदी झाली, हवालदारानेच कसा पहिला पाव टाकला. एकदा ती इतकी निपचित पडली की प्रणिताने स्टेथोस्कोप शोधायला कपाट उपसलं. मामाजी म्हणाले, "घाई नको करू, श्वास आहे. बोटाले लागून राहिला."

नंतर एका सकाळी त्या बोटावरचं वजन कमी झालं. मामाजींना वाटलं, संपलं. मग त्यांच्या करंगळीला जोरात चोच बसली.

"प्रणिता! चावली मला! चावली!" ते असे ओरडले की रक्त द्यायला आलेला माणूस सुई टोचायच्या आधीच उठून पळाला.

मान उभी राहिली, मग पाय. आणखी काही दिवसांनी खोलीतल्या खोलीत फडफडून तिने टेस्ट ट्यूबचा एक स्टँड खाली पाडला. प्रणिताने काचा गोळा केल्या, पुण्याला राहायला याल का, असं मामाजींना सरळ विचारलं आणि त्यांचं उत्तर ऐकून प्रफुल्लला फोन लावून तो मामाजींच्या हातात दिला.

"बाबा..." पलीकडून आवाज आला.

"तुह्या बायकोने विचारलं मला. येतो म्हणून सांगितलं," मामाजी म्हणाले. "पण पावसाळ्यात इथे येऊन राहायचं, ही माझी अट. आणि पुढच्या वेळी तू स्वतः विचारत जा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मामाजींनीच फोन परत केला. "रडून राहिला वाटते. घे, समजाव."

हिरडीला ते चौघे गेले, मामाजी, प्रणिता, डॉक्टर आणि अंताराम. उन्हं कलली होती. काठावर ऐनाची झाडं होती आणि पाणी काळंभोर, थंडगार होतं. प्रणिताने क्रेट गवतात ठेवून झाकण काढलं. शेवंती बाहेर येईना. आली तेव्हा एक बोट कमी असलेला पाय ठेवत ठेवत चालली, पाण्यात सरकली आणि आवाज न करता लव्हाळ्यात नाहीशी झाली.

पलीकडच्या काठावर बंडू नेहमीच्या जागी बसून हाका मारत होता. तिने उत्तर दिलं नाही.

"घाबरली असेल," डॉक्टर कुजबुजल्या. त्यांच्या हातात कानोशाचा छोटा संच होता. "मी हिचा साठवलेला आवाज..."

"नको," मामाजी म्हणाले. "आता तिचं तिले बोलू द्या."

थव्यात संध्याकाळचा कौल सुरू झाला. एक शीळ, दोन शिळा, मग इकडून, तिकडून. बंडूची ओढलेली हाक त्या सगळ्यांच्या वर ऐकू येत होती. आणि मधेच ती तुटली.

"काय झालं?" प्रणिताने विचारलं.

मामाजींनी हात वर करून तिला गप्प केलं. शिळा दाट होत गेल्या. पंखांचा मोठा सरसराट झाला आणि थवा उठला. प्रणिताने दुर्बीण लावली. तांबूस उजेडात शेकडो काळे ठिपके होते, सगळे सारखेच.

"मामाजी, मला नाही ओळखू येऊन राहिलं. तो गेला की राहिला?"

मामाजींचा चेहरा आभाळाकडे होता. त्यांनी हात लांब केला आणि बोट एका जागी धरलं. ते बोट हळूहळू सरकू लागलं, ऐनाच्या शेंड्यांवरून धानाच्या बांध्यांकडे. प्रणिता त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि त्या बोटाच्या रेषेत पाहू लागली. थव्याच्या जरा मागे, पंखाला पंख लागेल इतक्या जवळून, दोन अडया उडत चालल्या होत्या.